कॉलेजच्या फुटबॉल संघाचा बाक : कुणी काय बघायचं

नाशिकमधल्या बहुतेक कॉलेजांत फुटबॉल संघाचा कोचिंग स्टाफ म्हणजे दोन माणसं. एक जिमखान्याचे पीडी (फिजिकल डायरेक्टर) सर, ज्यांच्या डोक्यावर कबड्डीपासून तलवारबाजीपर्यंत सगळेच खेळ असतात. दुसरा मानधनावर येणारा कोच, बहुधा कॉलेजचाच जुना खेळाडू, सातपूर नाहीतर अंबडच्या कंपनीत पाळीने काम करणारा. त्याची पहिली पाळी असली की सकाळचा सराव बुडतो, दुसरी असली की संध्याकाळचा. सामन्याला मात्र दोघंही हजर असतात आणि दोघांचेही डोळे एकाच ठिकाणी असतात, चेंडूवर. गोल बसतो तो चेंडूपासून तीस मीटर लांब मोकळ्या सुटलेल्या माणसामुळे, आणि त्याला कुणीच बघितलेलं नसतं.

अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून खेळायचा त्यांचा खेळ. तिथे हेड कोचच्या हाताखाली आक्रमणाचा एक, बचावाचा एक, किकच्या डावांचा एक आणि शिवाय एकेका जागेचे कोच असतात. छोट्या कॉलेजात एकाच माणसाकडे दोन-तीन कामं येतात, पण कोणतं काम कुणाचं हे ठरलेलं असतं. आपल्याला तेवढे पगार देता येणार नाहीत. कामं वाटून घ्यायला मात्र पैसे लागत नाहीत.

माझ्या हिशेबाने कामं पाच आहेत : खेळाची आखणी, चेंडूपासून लांबचं बघणं, गोलकीपर, शरीर आणि दुखापती, कागद आणि सामान. माणसं तीनच मिळाली तरी कामं पाचच राहतात. म्हणून ऑगस्टच्या पहिल्या सरावाला एका कागदावर पाच कामं आणि समोर नावं लिहून तो कागद जिमखान्यात लावायचा. घाई अशासाठी, की आपला हंगाम फार आखूड असतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विभागाचा संघ, मग आंतरविभागीय, आणि तिथून निवडलेला विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. पहिल्या पायरीवर बाद पद्धत असली की एका वाईट सकाळी वर्ष संपतं.

सहायक कोचपासून, म्हणजे चेंडूपासून लांबचं बघणाऱ्या माणसापासून, सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त फायदा इथे आहे. त्याने सामन्यात चेंडू बघायचा नाही. सांगायला सोपं आहे, पण पहिले दोन-तीन सामने मान आपोआप चेंडूकडेच वळते. त्याने आपली मागची फळी बघायची. चेंडू आपल्या उजव्या बाजूला असताना डावा फुलबॅक (कडेचा बचावपटू) आत सरकतो, की टचलाइनला, म्हणजे बाजूच्या रेषेला, चिकटून राहतो? दोन स्टॉपरच्या (मधल्या बचावपटूंच्या) मधून एखादा ट्रक जाईल एवढी जागा पडली आहे का? आणि मागच्या फळीपासून आपल्या पुढच्या स्ट्रायकरपर्यंत अंतर किती? हे अंतर ३० ते ३५ मीटरमध्ये राहायला हवं. मैदानावर टेप घेऊन जाता येत नाही, म्हणून डोळ्यांना माप शिकवायचं : पेनल्टी बॉक्सची खोली १६.५ मीटर, म्हणजे दोन बॉक्स एकापुढे एक ठेवले की ३३. त्याहून संघ लांबला की मधल्या दोन हाफना (मिडफिल्डरना) चौघांचं पळावं लागतं. शेवटच्या वीस मिनिटांत कॉलेजचा संघ हमखास असा लांबतो. स्ट्रायकर दमून वरच थांबतो, स्टॉपर घाबरून आपल्याच बॉक्समध्ये खाली बसतात, आणि मधल्या जागेत प्रतिस्पर्ध्याला चहा प्यायला वेळ मिळतो. बाकावरून ‘पळा, पळा’ ओरडून हे सुटत नाही. स्टॉपरला ‘लाइन वर’ सांगावं लागतं किंवा ताजा हाफ आत घालावा लागतो.

त्याच्या हातात वही हवी, मोबाइल नको. वहीत चारच रकाने : मिनिट, बाजू, चेंडू कसा गेला, पुढे काय झालं. सगळं लिहायला गेलं की काहीच लिहून होत नाही, म्हणून फक्त दोन प्रसंग टिपायचे, आपल्या अर्ध्या मैदानात गमावलेला चेंडू आणि आपल्या गोलवर आलेला फटका. पहिल्या हाफअखेर वहीत आठ-दहा ओळी होतात आणि त्यात एक बाजू उघडी पडलेली स्पष्ट दिसते.

मध्यंतर नियमाने जास्तीत जास्त १५ मिनिटांचं. मुलं चालत येण्यात आणि परत जाण्यात तीन-चार मिनिटं जातात. पहिली तीन मिनिटं कुणीही बोलायचं नाही. पाणी, दुखापत, बुटाच्या लेस. त्या वेळात दोघे कोच बाजूला उभे राहून वही बघतात आणि दोन गोष्टी ठरवतात. दोनच. मग हेड कोच चार-पाच मिनिटं बोलतो आणि बाकीचे गप्प बसतात. पीडी सर, जुने खेळाडू, एखादे उत्साही प्राध्यापक असे चौघे एकाच वेळी चार सल्ले देत असले, तर स्टॉपर कुणाचं ऐकणार? सल्ला द्यायचाच असेल तर तो वहीवाल्याला द्यावा.

कॉर्नरचा कागद हे सहायकाचं दुसरं काम. कॉर्नरला कोण कुणाला धरणार, पहिल्या खांबाला कोण, बॉक्सच्या टोकावर सुटणाऱ्या चेंडूसाठी कोण, हे सगळे संघ ठरवतात. पण बदली खेळाडू आत गेला की ती यादी मोडते. बाहेर आलेला मुलगा त्यांच्या ६ नंबरला धरत होता, आत गेलेल्याला ते कुणी सांगितलंच नाही, आणि पुढच्याच कॉर्नरवर ६ नंबर मोकळा हेडर मारतो. कॉलेजच्या सामन्यांत असे गोल इतके होतात की यासाठी वेगळा नियमच करावा : बदली खेळाडूने कॉर्नरचा कागद बघून, आपला माणूस मोठ्याने बोलून दाखवल्याशिवाय टचलाइनला उभं राहायचं नाही. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा, पाऊस कधीही येतो.

आता गोलकीपर. याच्या वाट्याला बहुतेक कॉलेजांत कोचच नसतो. सगळे सराव करत असताना तो कोपऱ्यात दुसऱ्या कीपरशी चेंडू फेकत बसतो आणि शेवटी दहा मिनिटं सगळे मिळून त्याच्यावर फटके मारतात. यात स्ट्रायकरचा सराव होतो, कीपरचा होत नाही. स्टाफमध्ये पूर्णवेळ कीपर-कोच परवडत नसेल, तर जुना कीपर शोधून आठवड्यातून दोन दिवस ४५ मिनिटं बोलवावा. शेवटची वीस मिनिटं आपला कीपर संघात मिसळेल.

पहिली पंधरा मिनिटं फक्त हात. छातीच्या वरचा चेंडू घेताना दोन्ही अंगठे जवळ, तळवे चेंडूच्या मागे. खालचा चेंडू घेताना करंगळ्या जवळ आणि बोटं जमिनीकडे. पावसाळ्यात ओला चेंडू छातीवर आपटून पुढे पडतो, म्हणून हातांच्या मागे नेहमी शरीर हवं. घसरत येणाऱ्या चेंडूला एक गुडघा आडवा टाकून पायांमधली फट बंद करायची. ग्लोव्हजचे तळवे लॅटेक्सचे असतात. ते किंचित ओले असले की पकड चांगली बसते, चिखल बसला की पकड जाते. सामन्याआधी पाण्याचा हलका हात फिरवायचा, घरी गेल्यावर कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचे. उन्हात टाकलेले ग्लोव्हज महिन्याभरात कडक होऊन भेगाळतात आणि मग मुलगा म्हणतो, कंपनी खराब.

डाइव्ह शिकवताना आपल्याकडची माती विसरून चालत नाही. काळी माती पावसात चिकट असते आणि ऑक्टोबरनंतर वाळून दगडासारखी होते. अशा मैदानावर उभ्याने डाइव्ह सुरू केल्या की कीपर पहिल्या आठवड्यात कोपर आणि नितंब सोलून घेतो, मग सामन्यात चेंडूकडे झेपच घेत नाही, नुसता हात लांब करतो. म्हणून क्रम पाळायचा : आधी बसून, मग गुडघ्यांवर, मग उकिडवं आणि शेवटी उभ्याने. कॉलेजच्या मैदानाला लांब उडीचा खड्डा असेल तर तो फावड्याने खणून, दगड वेचून वापरावा, त्यासारखी जागा नाही. एका सत्रात एका बाजूला दहा-बारा डाइव्ह पुरेत. पडताना आधी पोटरी-मांडीची बाजू, मग कंबर, मग खांदा टेकला पाहिजे. कोपर आधी टेकलं तर थांबवून एक पायरी मागे यायचं.

क्रॉसवर, म्हणजे कडेने बॉक्समध्ये आलेल्या उंच चेंडूवर, कॉलेजचे कीपर सगळ्यात जास्त चुकतात, आणि चूक बहुतेक वेळा पायांची असते. चेंडू सुटायच्या आधीच तो निघतो आणि वाटेत अडकतो. अंग पूर्ण विंगरकडे वळवून उभा राहतो, त्यामुळे लांबच्या खांबाकडे येणारा माणूस त्याला दिसत नाही. अर्धं अंग मैदानाकडे उघडं ठेवायचं, चेंडूची उंची कळेपर्यंत थांबायचं, मग वेगात जायचं. उडी एका पायावर, दुसरा गुडघा वर. दोन्ही मुठींनी चेंडू मारायचा तर लांब आणि बाजूला, सरळ समोर कधीच नाही. हाक ‘कीपर!’ अशीच मारायला शिकवावं. ‘सोड’ किंवा ‘माझा’ म्हटल्याने प्रतिस्पर्धी फसला असं रेफरीला वाटलं, तर तो खेळ थांबवू शकतो.

आणि कीपरसाठी नवा नियम : जुलै २०२५ पासून हातात चेंडू ८ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. शेवटची पाच सेकंदं रेफरी हात वर करून मोजतो. आघाडी घेतल्यावर चेंडू कवटाळून पडून राहायची सवय आता महागात पडते. सरावात प्रत्येक वेळी मोठ्याने आकडे मोजावेत.

शरीराचं काम ज्याच्याकडे आहे त्याने सराव सुरू होण्याआधी वीस मिनिटं मागून घ्यायची. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ हा वॉर्मअप मोफत उपलब्ध आहे : तीन भाग, पंधरा व्यायाम. सुरुवातीला आठ मिनिटं हलकं धावणं, मग दहा मिनिटं ताकद, उडी आणि तोल, शेवटी दोन मिनिटं वेगात धावणं. आठवड्यातून निदान दोनदा. याला साहित्य लागत नाही, फक्त मैदानावर ठेवायच्या शंकूंच्या (कोन) सहा जोड्या लागतात. मुलं घाईत मधला भागच गाळतात, म्हणजे नेमका ज्याने गुडघा आणि मांडीचा मागचा स्नायू वाचतो तोच. नॉर्डिक हॅमस्ट्रिंग (गुडघ्यांवर उभं राहून, घोटे कुणीतरी धरलेले असताना, सावकाश पुढे झुकायचं) सुरुवातीला तीन ते पाचच करायचे. उत्साहाच्या भरात पहिल्या दिवशी पंधरा केले की दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही आणि तो व्यायाम कायमचा बदनाम होतो. उडीनंतर गुडघे आत वळतात का हे समोर उभं राहून बघावं, विशेषतः मुलींच्या संघात. (मुलींच्या संघाबरोबर महिला व्यवस्थापक हवीच, हेही ऑगस्टमध्येच ठरवावं. सामन्याच्या आदल्या दिवशी मॅडम शोधणं हा मुलींवर अन्याय आहे.)

सुरगाणा, पेठ, त्र्यंबक भागातून आलेल्या मुलांचा दम उत्तम असतो. लांब पल्ल्याची धावपटू कविता राऊत याच डोंगरातून धावत पुढे गेली. पण सरळ लांब धावणं वेगळं आणि थांबून, वळून, परत सुटणं वेगळं. त्यांना पांडवलेणीचे चढ आणखी पळवण्यात अर्थ नाही. वीस मीटर जा, वीस मीटर या, दहा सेकंद विश्रांती, असं यो-यो पद्धतीचं काम द्यावं.

प्रथमोपचाराची पेटी : सहा इंची क्रेप बँडेज चार, चिकटपट्टी, कात्री, कापसाऐवजी गॉझ, हातमोजे, जखम धुवायला सलाइनची अर्धा लिटरची बाटली, त्रिकोणी बँडेज, एक स्प्लिंट (हाडाला आधार द्यायची पट्टी) आणि थर्मासमध्ये बर्फ. थंड स्प्रे असला तर असू द्या, पण तो फक्त बधिर करतो. घोटा मुरगळला की आपल्याकडे पहिला हात जातो बामाकडे आणि दुसरा माणूस पाय ‘ओढून बसवायला’ पुढे येतो. दोन्ही थांबवायचं. ताज्या सुजेवर चोळलं की सूज वाढते. ओल्या फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं, मग क्रेप बँडेज बोटांकडून वर, पाय उंचावर. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबलं की कळ येत असेल, तर एक्स-रे काढल्याशिवाय बोलायचंच नाही.

डोक्याला मार लागला तर पाच प्रश्न : आपण कोणत्या मैदानावर आहोत, कोणता हाफ चाललाय, शेवटचा गोल कुणी केला, मागचा सामना कुणाशी होता, तो जिंकलो का. एक उत्तर चुकलं किंवा डोळे थिजलेले दिसले, तर मुलगा बाहेर. उत्तरं बरोबर आली पण मन मानत नाही, तरी बाहेर. त्या दिवशी परत नाही. उलटी, वाढती डोकेदुखी, मान दुखणं, शुद्ध हरपणं यांपैकी काही दिसलं की १०८ ला फोन. हा निर्णय शरीरवाल्या माणसाचा, आणि त्यात हेड कोचने ढवळाढवळ करायची नाही, मग तो मुलगा कॅप्टन असो आणि स्कोअर काहीही असो. पाचही कामांत मला हीच एक गोष्ट तडजोडीपलीकडची वाटते. परतीच्या पावसातली वीजही याच माणसाच्या ताब्यात : वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला की सगळे मैदानाबाहेर, झाडाखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं परत नाही.

ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं. अर्धं पाकीट ग्लासात ढवळून दिलं की ते नको तितकं खारट होतं आणि पोटात ढवळतं. सामन्याच्या सकाळी मिसळ नको. नाशिकमध्ये हे सांगणं अवघड आहे, गाडी कुठल्याही रस्त्याने निघाली तरी वाटेत मिसळ लागते. पण तर्रीचं तेल आणि तिखट पोटात तासन्तास राहतं आणि दुसऱ्या हाफला छातीशी येतं. सामन्याआधी अडीच-तीन तास पोहे किंवा उपमा, केळं, पोळी-भाजी. लागोपाठच्या दिवशी सामने असतील, तर पहिला सामना संपल्यावर तासाभरात पोटभर जेवण मिळालं पाहिजे, आणि ते कुठे मिळणार हे आधी ठरवायचं.

कागदांबद्दल थोडक्यात : पात्रता फॉर्म, बोनाफाईड, ओळखपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), फोटो. प्रत्येकाची फाइल वेगळी, झेरॉक्सचे दोन संच. खेळाडूच्या नावातलं एखादं अक्षर गुणपत्रिकेत आणि आधारमध्ये वेगळं असतं, ते स्पर्धेच्या टेबलावर सापडण्यापेक्षा ऑगस्टमध्ये सापडलेलं बरं. हे काम पीडी सरांचंच, कोचकडे देऊ नये.

सामानात चेंडू दोन मुलांमागे एक हवा. पाच नंबरचा चेंडू नियमाने ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फिअर, म्हणजे ८.५ ते १५.६ पीएसआय. अंगठ्याने दाबून बघण्यापेक्षा गेज घ्यावा, फार महाग नसतो. पंपाची सुई कोरडी घातली की व्हॉल्व्ह फाटतो. ग्लिसरीनचा एक थेंब पुरतो. मैदानाच्या रेषांची फक्की मारताना काटकोनासाठी बारा मीटरची दोरी घेऊन ३, ४ आणि ५ मीटरचा त्रिकोण करावा, नाहीतर पेनल्टी बॉक्स तिरका होतो आणि मुलं वर्षभर चुकीच्या कोनातून फटके मारायला शिकतात. पेनल्टीचा ठिपका गोललाइनपासून ११ मीटर. पावलांनी मोजू नये.

बाकावर वागण्याचेही नियम आहेत. तांत्रिक क्षेत्रातून, म्हणजे बाकाभोवतीच्या ठरवलेल्या जागेतून, एका वेळी एकानेच सूचना द्यायच्या. २०१९ पासून कोच आणि व्यवस्थापकांनाही पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं, आणि ओरडला कोण हे कळलं नाही तर कार्ड तिथे असलेल्या सर्वांत वरिष्ठ कोचला मिळतं. म्हणजे पाठीमागून एखादा जुना खेळाडू रेफरीला शिवी देतो आणि हेड कोचचं कार्ड निघतं. बाकावर कोण बसणार याची यादी म्हणूनच छोटी ठेवावी.

कोचिंगच्या परवान्यांबद्दल विचारणा होते म्हणून : भारतात क्रम डी, सी, बी, ए आणि प्रो असा आहे, महाराष्ट्रात ‘विफा’ म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमार्फत सुरुवातीचे कोर्स होतात. सहायक कोचला डी करायला पाठवावं आणि फी कॉलेजने भरावी.

बाद सामना म्हणजे पेनल्टी शूटआउटची शक्यता. सराव संपताना, पाय थकलेले असतानाच प्रत्येकाने दोन किक मारायच्या, आणि मध्यरेषेपासून ठिपक्यापर्यंत एकट्याने चालत जाऊन. सहायकाच्या वहीत आत गेलेल्या-चुकलेल्यांचा हिशेब राहिला की महिन्याभरात पहिले पाच आपोआप ठरतात. त्या दिवशी ‘कोण मारतं रे?’ असं विचारावं लागत नाही. सहावा-सातवाही लिहून ठेवावा. किक सुटताना कीपरच्या एका पायाचा काही भाग तरी रेषेवर, रेषेच्या वर हवेत किंवा रेषेच्या मागे हवा, याचाही सराव तेव्हाच. आणि शेवटची किक झाली की चेंडू मोजून पिशवीत भरायचे, पंपाची सुई आणि गेज डबीत, ओले बिब (सरावात संघ वेगळे कळावेत म्हणून घालायचे रंगीत बनियन) वेगळ्या पिशवीत. ओले बिब चेंडूंसोबत बांधून ठेवले तर सोमवारी पिशवी उघडवत नाही.